आत इस्तू न्हाय

आबा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी वरच्या खिशाकडं. काडेपेटी दिसली की हात पुढं. "ठिवा हितं. आत इस्तू न्हाय." विस्तवाला ते इस्तू म्हणत.

इंदापूरजवळच्या पडक्या गढीत फौजेच्या दारूगोळ्याचं कोठार होतं. दारू त्यांच्या पणज्याच्याही आधी संपलेली. राखण मात्र त्यांच्या घराकडं. घरची मेंढरं गेली, राखण राहिली.

नव्वदच्या दशकात रस्ता रुंद व्हायचा म्हणून कोठाराच्या दगडांवर आकडे घालून ते उतरवले. उसाच्या ट्रॉल्यांतून ते बारामतीला, आमच्या कॉलेजच्या आवारात आले. तिथं कोठार पुन्हा जसंच्या तसं रचून संग्रहालय करायचं, हे काम माझ्याकडं. पहिल्याच ट्रॉलीत दगडांवर आबा बसलेले. कुणी बोलावलं नव्हतं. ड्रायव्हरला सांगत होते, "हळू घ्या, झोपलंय ते."

उभं राहिलेल्या कोठारात दुपारी गारव्याला बसलं, की मलाही दगडांचा श्वास ऐकू येई. मी एकदा चिडवलं, "आबा, गढी तर तिकडंच राहिली. मग हे कोठार कसलं?"

"मेंढरं रान बदलत्यात, सर. म्हनून काय शेरडं हुत्यात व्हय?"

उद्घाटनाला आत समई लावायची ठरली. आबा घोंगडी आवरू लागले. "इस्तू आत गेला की राखण सपली. मी जातो इंदापूरला."

उद्घाटनाच्या दिवशी दारात त्यांनी पाहुण्यांचेसुद्धा खिसे रिकामे केले. आत शंकर शिपायानं तबकातली काडेपेटी उघडली. रिकामी. सगळ्यांसमोर त्याला बोलणी बसली. शेवटी समई बाहेर पायरीवर आणली. दाराशी साठलेल्या ढिगातली एक काडेपेटी आबांनीच पुढं केली. "हितं खुशाल लावा."

सगळे चहाला पांगल्यावर ते माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. "सर, खिशातलं ठिवा हितं."

तबकातल्या काड्या मी काढून ठेवल्या होत्या, आणि त्या खिशात घेऊन आतच वावरत होतो. आबा गेले तर त्या दगडांत काही उरणार नाही, असं मला वाटलं होतं. आबा कुणाला बोलले नाहीत. मीही नाही. शंकरला हे आता वाचूनच कळेल.

त्यानंतर आबा शेवटपर्यंत त्या दारातच बसले. ते गेले तेव्हा आम्ही सगळे इंदापूरला पोचलो. वारं सुटलं होतं; सरणापाशी नेईपर्यंत मडक्यातला विस्तव विझला. मुलानं काडेपेटी मागितली. संग्रहालयातले आम्ही सगळे खिसे चाचपत राहिलो. एकाच्याही खिशात नव्हती.