पाण्याआधीचं बेट

आधी बेट असतं आणि मग सरकार त्याचं धोरण आखतं, हा जगाचा क्रम उलटा करून दाखवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी उभी हयात सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत दुसऱ्यांच्या हुकुमांवर शिक्के मारण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर हुकूम काढायची त्यांना घाई झाली होती. टेंभुर्णीच्या पुढं, भीमेच्या काठचं त्यांचं गाव नव्या धरणाच्या पाण्यात जाणार होतं. गावाशेजारी एक बोडकी टेकडी होती, दुपारी तिथं शेळीसुद्धा थांबायची नाही. धरण भरल्यावर तेवढी टेकडी वर राहील, असं कुणी इंजिनियर चहा पिता पिता बोलून गेला आणि त्या दिवसापासून मामा तिला टेकडी म्हणेनात.

‘आमच्या बेटावर’ अशीच त्यांच्या वाक्याची सुरुवात असायची. विदेशी भांडवल आणणाऱ्याला पाच वर्षं करमाफी. हॉटेल काढायला गोऱ्यांना पूर्वेचा उतार आणि मुंबईच्या शेठलोकांना पश्चिमेचा, कारण ‘ते काय सूर्योदयाला उठणार आहेत?’ दारूबंदी फक्त काठापर्यंत. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी हातात धरून मामा ही धोरणं जाहीर करत आणि वाढपी ताटकळत उभा राही. “मामा, आधी पाणी तर येऊ दे,” असं बायको एकदा म्हणाली. “धोरणच तयार नसेल तर पाणी येऊन काय करील?” मामांनी तिलाच झापलं.

पुढं तर हंपीची गाडी चुकलेला एक केसाळ गोरा त्यांना सोलापूर स्टेशनवर सापडला. त्याला एस.टी.त कोंबून, भर उन्हात टेकडीवर उभा करून त्यांनी खालची ज्वारीची रानं दाखवली आणि “हा सगळा समुद्र” असं इंग्रजीत सांगितलं. दुभाषी म्हणून मीही फरफटत गेलो होतो. गोऱ्यानं शांतपणे चिलीम पेटवली. मग गावात मामांच्या भावानं त्याला भाकरीबरोबर शेंगाचटणी वाढली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “बघा, माणूस गुंतला!” मामा मला म्हणाले.

पण भाऊ हसला नाही. तो गावातच शेती करून राहिलेला माणूस. “दादा, हितं आमचं घर बुडतंय आन् तुमी बुडायची वाट बघताय व्हय?” एवढं बोलून तो उठला, आणि त्या दिवसापासून मामांशी त्यानं बोलणंच सोडलं. परतीच्या एस.टी.त मामा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. “गावचे लोक चार दिशांना पांगणार हो. तिथं काहीतरी असलं तर परत येतील की. नुसत्या पाण्याला कोण येतंय?”

धरण भरलं. इंजिनियरचा शब्द खरा ठरला, टेकडी तेवढी वर राहिली. मामांनी होडी ठरवली. मी होतो, आणि अखेरच्या क्षणी भाऊही न बोलता येऊन बसला. आता भाषण होणार म्हणून मी कान टवकारले. निम्म्या वाटेवर मामांनी काठावरचा पिंपळ पाहिला, टेकडी पाहिली, अंदाज घेतला आणि वाकून पायांतल्या वहाणा काढल्या. भावानंही काढल्या. खाली त्यांचं अंगण होतं.

“इथून होडी न्यायची नाही,” मामा नावाड्याला म्हणाले. “गावाला वळसा घाल.”

“लई लांब पडंल की, मामा.”

“दादा म्हनत्यात तर घाल वळसा,” भाऊ म्हणाला.

मामा आता नाहीत. बेटावर एकही हॉटेल झालं नाही, गोऱ्यांनी भांडवल आणलं नाही, शेठलोक पश्चिमेला फिरकले नाहीत. गावच्या जत्रेच्या दिवशी मात्र कुठकुठं पांगलेले गावकरी डबे बांधून तिथं जातात. होड्या सरळ न जाता लांबून का वळतात, असं एखादा नवखा जावई विचारतो, तेव्हा वल्हं न थांबवता नावाडी सांगतो, “मामांचं धोरण हाय.”