हौदातले लाकडी मासे

मी शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे पगार त्याचा घेते. गॅदरिंगचा पडदा रंगवायचा असला की सगळ्यांना बाई आठवतात, एरवी वर्षभर माझ्या तासाला गणिताचे सर घुसतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे. कौतुकाची भुकेली बाई होते मी. कोणी नुसतं "वा" म्हटलं तरी मला दोन दिवस पुरायचं.

आमचं घर वर्ध्याजवळच्या सेलूला, यांचं हार्डवेअरचं दुकान. घर माळकरी. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. अन् अशा घरातल्या कर्त्या माणसाला नाद कशाचा, तर मासे धरायचा! दर रविवारी हे गळ घेऊन आंजीकडं धाम नदीवर जायचे. मासा धरायचा, बघायचा, परत पाण्यात सोडायचा.

"सोडाचाच हाय तर धरता काऊन?" मी विचारायची.

"शांत वाटते," हे म्हणायचे.

त्यावर सासूबाईंचं ठरलेलं, "मुक्या जिवाले टोचून तुले शांत वाटते काय रे?" त्या स्वतः दर एकादशीला नदीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. माय चारून राह्यली अन् लेक धरून राह्यला, असं मी चिडवायची.

गळाला जिवंत चारा लावलेला आईंना खपत नसे. म्हणून यांनी लाकडाचे मासे करायला घेतले. बोटाएवढा लाकडी मासा दोरीनं पाण्यात ओढला की मरळ त्याला खरा समजून धावते. सावरीचं हलकं लाकूड, चाकूनं कोरलेलं. पोटात शिशाचा थेंब, म्हणजे मासा पाण्यात उलटत नाही, सरळ तरंगतो. कोरायचे छान, पण रंगवायचे असे की बैलाच्या शिंगांनाही लाज वाटावी. शेवटी मी त्यांच्या हातातला ब्रश हिसकावला.

अन् मला नादच लागला. पांढऱ्या प्रायमरवर चंदेरी, पाठीवर शेवाळी. मग कांद्याच्या पिशवीची जाळी अंगावर ताणून बसवायची आणि वरून स्पंजानं हलकेच रंग टिपायचा. जाळी उचलली की खाली खवल्यांवर खवले! कल्ल्यापाशी लालसर झाक, शेपटीजवळ काळा ठिपका, वरून वॉर्निशचे तीन हात. सुकायला तारेवर चिमट्यांनी टांगायचे. गळ अगदी शेवटी, ते काम यांचं.

दिवाळीनंतरची गोष्ट असेल. एक मासा टेबलावर ठेवून मी चहा टाकायला गेले, तर आई ओरडल्या, "कोनं ठेवला हा असा कोरड्यात? मरून राह्यला ना तो!" मी येते तोवर त्यांनी तो ओंजळीत धरून न्हाणीतल्या हौदात नेऊन सोडलाही होता. तो सरळ तरंगला. आईंनी हात जोडले.

मी तर हरखूनच गेले. आयुष्यभर नदीवर माशांना चारणारी बाई फसली, याहून मोठं बक्षीस कोणतं? त्याच माशाचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. जेवताना यांना सगळं रंगवून सांगितलं. हे थोडं हसले अन् खाली बघून जेवत राहिले. मी म्हटलं, जळतात मेले.

त्यानंतर मी आईंची परीक्षाच घ्यायला लागले. खरं म्हणजे माझी. नवा मासा झाला की मुद्दाम त्यांच्या वाटेवर ठेवायचा आणि दाराआडून बघायचं. त्यांनी उचलून हौदात सोडला की मासा पास. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. एकही मासा नापास झाला नाही. माझा हातच तसा, असं मी धरून चालले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. वैशाखातली दुपार, कूलर बंद, गल्लीत कुत्रंही नाही. मी डोळे मिटून पडले होते आणि न्हाणीतून कुजबुज ऐकू आली. आईंचा आवाज, पण लहान पोराशी बोलतात तसा. मधेच त्या थांबायच्या, कोणी उत्तर देत असल्यासारख्या, आणि मग "हो का?" म्हणायच्या.

मी दारात जाऊन उभी राहिले. आई पाटावर बसून हौदात बघत होत्या. आत अंधार, वर झरोक्यातून उन्हाची एक पट्टी. काळ्याशार पाण्यात माझे मासे, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, आईंकडं. नळाच्या धारेनं पाणी तसं फिरत असणार, हे मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला. त्यांचे कल्ले हलताहेत असं मला वाटलं. माझ्याच हातचा रंग तो, कोणत्या डबीतला तेही माहीत, तरी वाटलं.

"हा नवा हाय," आई मागं न बघता म्हणाल्या. "अजून भिते."

मी मोजले. आधीचे यांनी गळ लावायला काढून नेले होते; त्या आठवड्यात मी चार रंगवले होते. हौदात पाच होते.

पाचवा कोपऱ्यात होता, भिंतीला चिकटून, अर्धा बुडालेला. बाकीच्यांसारखा चमकत नव्हता. मी पुन्हा मोजले, पाचच. पुढं वाकून मी हात घातला.

"त्याले हात नको लावू," आई म्हणाल्या. "बिमार हाय तो. डोळेच उघडून नाई राह्यला."

हाताला लाकूड लागलं. नुसतं लाकूड. न कोरलेलं, न रंगवलेलं, एका बाजूला साल तशीच. यांनी चुलीसाठी बाजूला टाकलेलं सावरीचं ढलपं.

मी ते उजेडात धरलं. आई त्याच्यावर बोटांनी पाणी शिंपडत होत्या. माझे खवले, माझी जाळी, वॉर्निशचे तीन हात, यातलं काहीच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ढलपंही मासाच होता. मी माझं चित्र पास होताना बघत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचं भान सुटत चाललं होतं.

हौदातलं सगळं बाहेर काढून मी ओट्यावर ठेवलं, आईंना हाताला धरून खोलीत निजवलं. हे दुकानातून आले तसं ते ढलपं त्यांच्यासमोर आपटलं आणि सांगितलं.

हे खाली बसले. म्हणाले, "माहीत हाय मले."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. पहिले पोह्याचा चमचा सोडला होता तिनं हौदात. मंग स्वतःची चप्पल. मीच काढून ठेवत जाओ."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

"तू केवढी खुश होती," हे म्हणाले. "तुह्या चित्राले पह्यल्यांदा कोनी असं म्हनलं. कोन्या तोंडानं सांगू? अन् मलेही तेच बरं वाटे. तुह्यं चित्र चांगलं हाय म्हनून आई फसते, असं धरलं की आई चांगली राहे."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सहा महिने झाले, मी ओरडले, सहा महिन्यांत वर्ध्याला दहा डॉक्टर दाखवून झाले असते. गळ लावलेला एखादा आईंच्या ओंजळीत आला असता तर काय केलं असतं तुम्ही? माझं कौतुक काय घालता चुलीत! हेही चढ्या आवाजात बोलायला लागले, दाराआडून बघायले तूच उभी राहे ना, म्हणाले. खरंच होतं ते, म्हणून मी आणखी ओरडले. दोघंही रडत होतो आणि भांडत होतो.

आई केव्हा उठल्या कळलंच नाही. न्हाणीच्या दारात उभ्या होत्या, ओठांवर बोट ठेवून.

"हळू बोला ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "भिऊन राह्यले ना ते."

त्यांच्या मागं हौद होता, अन् हौदात नुसतं पाणी. आम्ही दोघांनी आवाज खाली आणला.