उंच गाडी की बसकी

गल्लीत तिला सगळे दातवाल्या मावशी म्हणत आणि तिच्या नवऱ्याला ड्रायव्हरकाका. मावशीचा नवरा काका कसा, हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा आणि पातळ सुरीने हिरडीचा उतार कोरायचा. हात असा की दिव्याची ज्योत हलेल, पण तिचं बोट हलणार नाही. लॅबमधल्या बाकीच्या बायका म्हणायच्या, "मावशीला भूत भेटलं तर मावशी आधी त्याच्या दातांचं माप घेईल."

पण ज्या दिवशी त्यांची जुनी गाडी ट्रकखाली शिरली, त्या दिवशी या कवळीवाल्या बाईचीच दातखीळ बसली.

काका गाडी चालवत होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. घाटातली वळणं त्यांना घरातल्या पायऱ्यांसारखी पाठ. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, ते तिला लॅबवर सोडायला निघाले होते. बोलता बोलता त्यांचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. तिने वळून पाहिलं तर त्यांची मान, दोरी कापावी तशी, छातीवर पडली होती. गाडीचा वेग आपोआप कमी होत गेला आणि कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे ती हळूहळू शिरली. बॉनेट ट्रकखाली गेलं. ट्रकचा मागचा फळा, गंजलेला, जाड, सरळ तिच्या चेहऱ्याच्या रेषेत येत राहिला आणि काचेला टेकून थांबला. काचेवर जाळं पसरलं. ओरडायचं तिला सुचलंच नाही.

क्षणभराने काकांनी डोळे उघडले. "डुलकी लागली वाटतं," ते म्हणाले.

ती डुलकी नव्हती. डुलकी लागलेल्या माणसाचा चेहरा असा राखेसारखा होत नाही. पण दवाखान्यात छातीचा आलेख चांगला निघाला, डोक्याची तपासणीही चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, "सापडत नाही म्हणजे काही नाही असं नव्हे. कारण कळेपर्यंत गाडी चालवायची नाही. एकट्याने चढही चढायचा नाही."

आता त्यांचं घर होतं टेकाडावर. बस थांबायची खाली, मोठ्या रस्त्याला. तिथून वर यायचं तर चांगल्या धडधाकट माणसालाही दोनदा थांबावं लागे. भाड्याची गाडी बोलवावी तर चढ पाहून चालक खालूनच नमस्कार करायचा. जुनी गाडी भंगारात गेली. तपासणीसाठी दर थोड्या दिवसांनी दवाखाना तर चुकत नव्हता. म्हणजे गाडी हवी, आणि चालवणार कोण? तर ती. तिच्याकडे तरुणपणी काढलेलं लायसन्स होतं, पण बसचा ड्रायव्हर घरात असताना बायकोच्या हाती चाक कोण देतो? तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. त्या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर ती रोज सकाळी जीव मुठीत धरून चालवायची. घरी आली की मनगटं दुखायची, इतकं घट्ट तिने चाक धरलेलं असायचं.

गाडी कोणती घ्यायची, यावर घरात रोज खटके उडू लागले.

"उंच गाडी घेऊ," ती म्हणायची. "क्रॉसओव्हर म्हणतात ती. वर बसलं की निदान ट्रकचा फळा तोंडासमोर येत नाही."

"उंच गाडी वळणावर कलंडते," काका म्हणायचे. "माझ्या डोळ्यांदेखत एक गेलीय दरीत. पुढच्या वळणावर दिसली, त्याच्या पुढच्या वळणावर नव्हती. माझ्या बसमध्ये सगळे चिडीचूप. गाडी कशी हवी, रस्त्याला धरून चालणारी. सेडान घे. बसकी असते, पण इमानी असते."

"तुमच्या इमानी गाडीनेच मला ट्रकखाली नेलं."

"गाडीने नाही नेलं," ते हळूच म्हणाले. "मी नेलं."

त्या दिवसापासून ते वाद घालताना आवाज चढवेनासे झाले, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटू लागली. दूरच्या शहरात राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला चालवायचीय ना? मग तुला जी हवी ती घे. उंचच घे. वरून सगळं दिसतं."

शेवटी एका दुपारी दोघं जुन्या गाड्यांच्या यार्डात गेले. पत्र्याची शेड, समोर खडी पसरलेलं अंगण, मागे कुंपणाची भिंत. यार्डवाला बोलण्यात पटाईत. त्याने दोन गाड्या पुसून पुढे आणल्या होत्या. एक राखाडी क्रॉसओव्हर, एक पांढरी सेडान.

"क्रॉसओव्हर म्हणजे काय, मावशी," तो म्हणाला, "साध्या मोटारीनेच उंच टाचांचे बूट घातलेत. पण रुबाब बघा! हिचा फक्त मागचा कॅमेरा बंद आहे. तेवढा मी बसवून देतो."

काकांनी वाकून टायर पाहिले, दार उघडून रबर दाबून पाहिलं, इंजिनाला कान लावला. आजारपणात प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला होता. हे बघून तिला बरं वाटलं.

ती राखाडी गाडीत दांडीला धरून चढली. बसली आणि तिने समोर पाहिलं. यार्डाच्या फाटकाबाहेरून एक ट्रक गेला. त्याचा मागचा फळा तिच्या डोळ्यांच्या बराच खाली होता. कितीतरी दिवसांनी तिने पोटापासून श्वास घेतला. शेजारी यार्डवाला, मागे काका, अशी एक लांब फेरी झाली. तिचं मनगट दुखलं नाही. "हीच," तिने मनात ठरवलं. काकांनाही वळणावर तिने वेग बरोबर उतरवलेला आवडला असावा, कारण ते मागून एवढंच म्हणाले, "बरी आहे."

परत आल्यावर गाडी शेडपाशी मागे घेऊन लावायची होती. "मी बघतो मागे," असं म्हणत काका उतरले. बसच्या डेपोत जन्म गेलेला माणूस. त्यांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांचा तो जुना, मोकळा आवाज लागला. "येऊ दे... येऊ दे... थोडी डावीकडे... येऊ दे..."

तिने आरशात पाहिलं. आरशात पत्र्याची कड, भिंतीचा वरचा भाग आणि आभाळ. काका दिसत नव्हते, पण आवाज होता. ती आवाजाच्या दोरीने गाडी मागे नेत होती.

"येऊ दे... येऊ..."

आवाज थांबला.

वाक्य अर्ध्यातच तुटलं होतं. तिच्या पायाने तिला न विचारताच ब्रेक दाबला.

"या ना मावशी," शेजारून यार्डवाला म्हणाला, "भरपूर जागा आहे मागे."

"अहो?" तिने हाक मारली. उत्तर नाही. "अहो!"

तिने हँडब्रेक ओढला. दार उघडायला हात जाईना. आपण थांबलो ते वेळेवर की उशिरा, हे खाली उतरल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उतरायची तिची छाती होत नव्हती. गाडीच्या पाठीमागे काय असेल ते तिला त्या क्षणी शंभर तऱ्हांनी दिसलं. मग ती उतरली. गाडीच्या कडेला हात टेकत टेकत मागे गेली.

काका खडीवर कुशीवर पडले होते. चेहरा तसाच, राखेसारखा. मागचं चाक आणि त्यांचा खांदा यांच्यात वीतभर अंतर होतं. तेवढंच.

यार्डवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. ती कुठल्याशा दुसऱ्या अपघाताला गेलेली, यायला वेळ लागणार होता. काकांचा श्वास चालू होता, पण मध्ये मध्ये अडखळत होता. "उचला," ती म्हणाली. दोघांनी त्यांना राखाडी गाडीच्या मागच्या दाराशी आणलं. सीट कमरेच्या वर. शुद्ध हरपलेल्या माणसाचं वजन, एकदा वर ढकललं, ते खाली घसरले. दुसऱ्यांदा डोकं दाराच्या चौकटीला लागता लागता वाचलं.

"पांढरी उघडा!" ती ओरडली.

सेडानची सीट खाली, गुडघ्यापाशी. यार्डवाला पलीकडच्या दाराने आत शिरला, त्याने काकांना काखेतून धरून आत ओढलं, तिने पाय आत घेतले. काकांचं डोकं आता त्याच्या मांडीवर, आणि तो खाली अडकलेला. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्याकडे फेकली.

"तुम्ही चालवा!" ती म्हणाली.

"मी यांना सोडलं तर मान लटकेल, मावशी. बसा लवकर!"

या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. ती बसली. इतकी खाली बसली की खड्ड्यात उतरल्यासारखं वाटलं. गाडी दोनदा गचके खाऊन फाटकाबाहेर पडली. मोठ्या रस्त्याला लागली आणि सिग्नलपाशी नेमका एक ट्रक पुढे आला. मागचा फळा, जाड, गंजलेला, बरोबर तिच्या चेहऱ्याच्या रेषेत. ती ट्रकच्या इतकी मागे थांबली की मध्ये आणखी एक गाडी मावली असती. मागचे हॉर्न वाजवू लागले, कोणीतरी काच खाली करून काहीबाही बोललं. ती जागची हलली नाही. दिवा बदलला, ट्रक पुढे गेला, तेव्हा कुठे ती निघाली. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती. ती प्रार्थना नव्हती. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या तेच, "क्लच, गिअर, आरसा. क्लच, गिअर, आरसा."

मध्येच मागून काकांचा खोल आवाज आला, "अगं, गिअर बदल. इंजिन किती ओरडतंय."

ती रडता रडता हसली आणि तिने गिअर बदलला. पुढच्या वळणावर यार्डवाला म्हणाला, "पुन्हा शुद्ध गेली, मावशी." मग तिने रस्त्याखेरीज काहीही ऐकायचं बंद केलं. दवाखान्याच्या दारातल्या चढावर गाडी बंद पडली. गाडी तशीच सोडून ती आत धावली.

या वेळी झालं ते असं, की काकांच्या छातीला यंत्राच्या वायरी लावलेल्या असतानाच ते पुन्हा बेशुद्ध पडले. पडद्यावरची उड्या मारणारी रेषा सपाट झाली. तिने ती पाहिली. तेवढ्या वेळात तिला वाटलं, की आपलंही आतलं सगळं सपाट झालं. मग रेषेने पुन्हा उडी घेतली.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "यांचं हृदय मध्येच थांबतं आणि पुन्हा चालू होतं. आधी कधी आमच्यासमोर थांबलं नव्हतं."

छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं गेलं. हृदय थांबू लागलं की ते त्याला धक्का देणार. काका म्हणाले, "म्हणजे आता माझ्यातही दोन ब्रेक." डॉक्टरांना विनोद कळला नाही. तिला कळला, पण हसू आलं नाही. ब्रेक नव्हे, ते तर उलटंच काहीतरी होतं, असं ती म्हणणार होती आणि राहिलं.

काका घरी यायच्या आदल्या दिवशी ती एकटी यार्डात गेली. राखाडी गाडीचा कॅमेरा यार्डवाल्याने बसवून ठेवला होता. "बघा, मागचं मांजरसुद्धा दिसेल," तो म्हणाला. ती पुन्हा त्या गाडीत चढून बसली. पुन्हा तसाच श्वास आला, मोकळा. इथे बसल्यावर तिला भीती वाटत नव्हती, आणि त्या दिवशीही वाटली नव्हती. नवरा चाकाशी पडला होता तेव्हाही तिला वर छान वाटत होतं. ती खाली उतरली.

"पांढरी," ती म्हणाली.

लेकीला नवल वाटलं. "अगं पण आई, तुला त्या बसक्या गाडीची भीती वाटते ना?"

"वाटते," ती म्हणाली. "वाटू दे."

आता ती रोज टेकाडावरून खाली लॅबवर जाते. ट्रक दिसला की मध्ये भलंमोठं अंतर ठेवते, लोक हॉर्न वाजवतात. गाडी मागे घ्यायची असली की आधी खाली उतरून चारी बाजूंनी फिरून येते. मग बसते, मग पुन्हा एकदा उतरून मागे बघते. गल्लीत यावरून विनोद होतात. तिचं एक मन त्या विनोदांना हसतं, पण पाय मात्र उतरतातच. कवळीवर सुरी चालवताना तिचा हात अजून तसाच स्थिर असतो. किल्ली फिरवताना मात्र थरथरतो.

काकांना यार्डातलं काही आठवत नाही. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी पडलो तेव्हा गाडी मागे येत होती ना? किती लांब होती गं?"

ती ताटं उचलत होती.

"बरीच लांब होती," ती म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. डेपोत गाड्या मागे घेताना माणसं कुठे उभी राहतात आणि कुठे पडतात, हे त्यांना काही नवीन नव्हतं. त्यांनी तिच्या हातातली ताटं काढून घेतली आणि स्वतःच मोरीपाशी नेऊन ठेवली. ती तिथेच उभी राहून, नळाखाली भांडी वाजेपर्यंत, त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली.