पडद्यावरचं फाटक

दुधाची पिशवी आधी उजेडात धरून पाहायची. रिक्षा घराच्या थोडी अलीकडेच थांबवायची. कुलूप ओढून पाहायचं, निघायचं, वळणावरून परत येऊन पुन्हा ओढायचं. टीव्हीचा रिमोट कायम सदऱ्याच्या खिशात. दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

मनीषनगरचे गिरिधर पांढरीपांडे असे होते. उभी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. तोडलेली सीलं एवढी पाहिली, की सरळ माणूसही त्यांना वाकडा दिसायचा.

मुलगी गार्गी पुण्याला. तिच्या सांगण्यावरून शेजारच्या धम्मदीपनं ओएलईडी टीव्ही आणून लावला. मराठीत एम.ए. झालेला हा पोरगा रोज त्यांच्याकडे चहाला यायचा.

"याच्यात मागून दिवा नसते, काका. एकेक ठिपका स्वतः पेटते. काळं दाखवायचं तर विझून जाते."

काकांनी मागं वाकून पाहिलं. टीव्ही पापडासारखा पातळ. "दिवा नाही म्हणते, अन् दिसते कसं मग?" पण पडद्यावरचा अंधार खरोखरीचा काळा होता.

मग फाटकावर रोखलेला कॅमेरा टीव्हीला जोडला गेला. सकाळपासून झोपेपर्यंत पडद्यावर पांढरं फाटक. गार्गीचा फोन आला तरी नजर तिकडेच.

वर्ष उलटलं. एका दुपारी काकांनी धम्मदीपला बोलावलं. बातम्या लागल्या होत्या. निवेदिकेच्या तोंडावर उभ्या काळपट रेघा.

"वापरलेला पीस आणून दिला ना तू?"

"डबा तुमच्यासमोर फोडला, काका."

"डबा पुन्हा चिकटवता येते. मी सीलं पाहण्यातच म्हातारा झालो गा. गार्गीलाही सांगितलं मी."

धम्मदीपनं कप खाली ठेवला. उठून गेला असता, तर तो चोरच ठरला असता.

"पूर्ण पांढरा पडदा लावा. रिमोट नका देऊ, तुम्हीच दाबा."

काकांनी दाबलं. रेघा म्हणजे सळया होत्या. वर कमान. कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या तारीख-वेळेची पुसट पट्टी.

"हे तुमचंच फाटक आहे, काका. जो ठिपका जास्त पेटते, तो लवकर थकते. या टीव्हीचं दुखणंच आहे ते."

काकांनी जवळ जाऊन बोटानं सळया मोजल्या. "म्हणजे चोर मीच."

त्यांनी रिमोट त्याच्या हातात दिला.

पडदा दुरुस्त करायची सोय टीव्हीतच होती. पूर्ण पुसलं जाणार नव्हतं, थोडं कमी झालं असतं. तासभर टीव्ही काळा ठेवायचा. "तोवर फाटक कोण पाहीन?" म्हणत काका खुर्ची घेऊन बाहेर बसले. थोड्याच वेळात परत आले.

"बाहेरून काही समजत नाही गा, कोण येऊन राहिलं. टीव्हीवरच बरं दिसते." त्यांनी रिमोट मागून घेऊन दुरुस्ती मधेच थांबवली. "गार्गी आली की करू. ती बसंन फाटकापाशी."

गार्गी आली. तिला यायला सांगणारा फोन धम्मदीपनंच केला होता. 'बाबा गेले' एवढंच त्याला म्हणता आलं.

माणसं येत-जात होती. फाटक सताड उघडं होतं, कोणी लावत नव्हतं. गार्गीनं खुंटीवरच्या सदऱ्यातून रिमोट काढून धम्मदीपला दिला. त्यानं टीव्ही लावला. बंद फाटकाच्या पुसट सळयांवर अक्षरं उमटली : पडद्याची दुरुस्ती अपूर्ण आहे. पुन्हा सुरू करायची?