शेवटच्या फेरीचा शर्ट

आमच्या कागोशिमात नव्या सुनेला आधी डोंगराकडे बघायला शिकवतात, मग भात लावायला. साकुराजिमा ज्वालामुखीचा धूर कुठं झुकतोय ते पाहिल्याशिवाय इथं कुणी दोरीवर साधा रुमालही टाकत नाही. मला हे सासूनं नाही शिकवलं. शेजारच्या तोयोसाननी शिकवलं, आणि तेही भर गल्लीत खरडपट्टी काढून.

लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. वाळत टाकलेल्या चादरीवर राख पडली, म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसायला घेतली. तोयोसान कुंपणापलीकडून ओरडल्या, "अगं ए फुमिए, हात बाजूला घे! धूळ आहे का ती? काच असते त्या राखेत. घासलीस की सुतात शिरली, मग जन्मभर धूत बस!" एवढ्यावर थांबतील तर त्या तोयोसान कसल्या. फाटक ढकलून आत आल्या आणि चादर माझ्या हातातून ओढून घेतली. "आधी कोरडी झटकायची. मग भरपूर पाण्यात बुडवायची, नुसती हलवायची, पाणी बदलायचं. साबण नंतर. आईनं काय फक्त नटायला शिकवलं?" मला असा राग आला म्हणता! पण चादर वाचली.

त्यांचे यजमान सामेशिमासान फेरीबोटीवर खलाशी होते. बोट थेट त्या डोंगराच्या बेटावर जायची, म्हणजे नोकरीच राखेच्या तोंडात. तरी चौतीस वर्षांत त्यांच्या अंगावर मळका शर्ट कुणी पाहिला नाही. तोयोसान सकाळी टीव्हीवर वाऱ्याची दिशा ऐकायच्या, वर स्वतः गच्चीवर जाऊन खात्री करायच्या. कॉलरीला साबणाची वडी, शेवटच्या पाण्यात भाताच्या पेजेची खळ, आणि शर्ट उलटा करून वाळत. बोट धक्क्याला लागताना प्रवाशांना आधी सामेशिमासानचा शर्ट दिसायचा, मग सामेशिमासान. यजमानांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. शर्ट खुंटीलाच उगवतात अशी त्यांची समजूत असावी.

मार्चमध्ये तोयोसानना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून फक्त "दा" निघायचं. चहा हवा तरी "दा", पाय दुखला तरी "दा". त्या तिखट जिभेचं एवढंच उरलं. डोकं मात्र पूर्वीसारखंच लख्ख होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

जुलैअखेर सामेशिमासान निवृत्त होणार होते. शेवटच्या फेरीला तोयोसानना बोटीवर न्यायचं ठरलं. गणवेशाचे बाकीचे शर्ट कचेरीत परत गेले होते, एकच उरला होता. आदल्या दिवशी मी म्हटलं, "द्या इकडे, मी धुते."

"नाही फुमिएसान, हा मीच धुणार," ते म्हणाले. "इतकी वर्षं तिनं धुतला. उद्या तिनं बघावं तरी, की मलाही जमतं."

त्याच सकाळी त्यांनी धुतला, चांगला निघाला होता. मी स्वतः पाहिला. दुपारी वारा फिरला. डोंगरानं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि काळा पडदा थेट आमच्यावर. मी माझे कपडे ओढून घेत होते, तेवढ्यात शेजारून ऐकू आलं, "दा! दा! दा! दा!"

चपला न घालताच मी पळाले. तोयोसान ओसरीवर खुर्चीत होत्या. डावा हात पुढं ताणलेला, चेहरा लालबुंद. त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर सामेशिमासान मांडी घालून बसले होते. शर्ट मांडीवर, हातात ओला टॉवेल, आणि खांद्यावरची राख खसाखसा घासत होते.

"हो गं हो, होतंय स्वच्छ," ते तिला समजावत होते. "घाबरतेस कशाला? मी आहे ना."

"थांबा, थांबा!" मी ओरडले. पण उशीर झाला होता. दोन्ही खांदे पाटीसारखे करडे झाले होते. त्यांनी शर्ट वर धरला, उन्हात फिरवून पाहिला आणि काळे ठिपके गेलेले तेवढे पाहून हसले. "डाग एक नाही राहिला. बघा."

राख झटकली की जाते, बुडवली की जाते. घासलेली कशानंही जात नाही, हे आम्हा तिघांत दोघींनाच माहीत होतं. मी तोयोसानकडे पाहिलं. त्यांनी हात खाली घेतला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्या हात उचलत नव्हत्या.

"आनंदानं रडतेय," सामेशिमासान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ढकलत त्यांना बोटीवर नेलं. सगळे खलाशी रांगेत उभे होते, एकजात पांढरेशुभ्र. मध्ये सामेशिमासान, हातात फुलं, खांदे करडे. एका पोरगेल्या खलाशानं शर्टाकडे पाहिलं आणि मान वळवली. तोयोसाननी डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं. चौतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेली गोष्ट शेवटच्या फेरीच्या पंधरा मिनिटांत चारचौघांत गेली, आणि मला खुर्चीची मूठ घट्ट धरण्यापलीकडे काही करता येईना.

बोट सुटली तसे सामेशिमासान आमच्यापाशी आले. गुडघ्यावर बसले, तिच्या तोंडावरचा हात अलगद खाली घेतला.

"कसा निघालाय गं? तुझ्यासारखा?"

"दा," तोयोसान म्हणाल्या. मग मान मागं वळवून माझ्याकडे पाहिलं. खरडपट्टी काढणारे तेच डोळे होते ते. मी सांगावं म्हणून की सांगू नये म्हणून, मला आजही कळलेलं नाही.

"काय म्हणतेय ती, फुमिएसान?"

माझी वाचा शाबूत होती. मी म्हटलं, "त्या म्हणतायत, त्यांना स्वतःलाही इतका पांढरा कधी जमला नाही."