सतरा नंबरचा नववा थांबा

सतराकाकांचं खरं नाव गल्लीत कोणालाच आठवत नाही, आणि ते आठवायची कोणाला गरजही पडली नाही. एकोणतीस वर्षं त्यांनी सतरा नंबरची बस चालवली, तेव्हा भाचे-पुतणे, शेजारी, दूधवाला, सगळ्यांसाठी ते सतराकाका. गोल चेहरा, पोट स्टिअरिंगला टेकेल न टेकेल असं, आणि आवाज मात्र खणखणीत. त्यांनी 'पुढे सरका' म्हटलं की शेवटच्या बाकावर पेंगणारा माणूससुद्धा बसल्या जागी चार बोटं सरकायचा.

काकांचा एक नेम होता. थांबा आला की बस थांबवायचीच. कोणी उभं असो वा नसो. आरशात बघायचं, मनात दहा आकडे मोजायचे, मग निघायचं. डेपोतले बाकीचे ड्रायव्हर रिकामे थांबे सुसाट सोडायचे आणि काकांची टिंगल करायचे. काका म्हणायचे, "कोणीतरी धावत येत असतं रे. आपल्याला दिसत नाही एवढंच." उशीर होतो म्हणून साहेबांनी दोनदा समज दिली. काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मोजले.

मग महामारी आली. बसगाड्या डेपोत उभ्या राहिल्या आणि काका घरात. घर म्हणजे दोन खोल्या. एकीत काकूंचं शिलाई मशीन, त्यावर दिवसभर मास्क शिवणं चालू. दुसरीत बारावीतली मुलगी अभ्यासाला बसलेली. मधल्या दारात काका, दाढी-अंघोळ करून, खाकी शर्ट घालून तयार. आठवड्याभरात काकूंनी हात टेकले. शेजारणीला त्या म्हणाल्या, अहो, हे स्वयंपाकघराकडे वळतानासुद्धा मला हात दाखवतात.

मुलीला काका 'कंपाउंडर' म्हणायचे. चार वर्षांची असताना तिने टेबलाच्या मोडक्या पायाला घरातली सगळी पट्टी गुंडाळून ठेवली होती, तेव्हापासूनचं हे नाव. डॉक्टर झालीस की बढती, असा करार होता. आणि पोरीच्या डोक्यात खरोखरच मेडिकलला जायचं होतं. पण नशीब बघा कसं! बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि मार्क दिले ते आदल्या वर्षीच्या मार्कांवरून. आदल्या वर्षी ही बाई काविळीने दोन महिने अंथरुणावर. जेमतेम पास झालेली. त्या मार्कांवर मेडिकलच्या दारातला शिपाईही आत सोडणार नाही. आता सगळी मदार होती प्रवेश परीक्षेवर. तिने स्वतःच घरात सांगून टाकलं होतं की एकदाच बसेन. नाही जमलं तर कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी धरेन, पुन्हा विषय नको.

ती प्रवेश परीक्षा तीनदा पुढे गेली. तिन्ही वेळा आदल्या संध्याकाळी, सगळी तयारी झाल्यावर, फोनवर मेसेज. आणि तयारी म्हणजे काय साधी असायची? परीक्षेचं केंद्र सतरा नंबरच्याच रस्त्यावर, चौदाव्या थांब्याजवळच्या शाळेत होतं. काका मेहुण्याची जुनी गाडी मागून आणायचे आणि दर वेळी रंगीत तालीम घ्यायचे. एवढीशी गाडी, पण वळण घ्यायचे बसएवढं मोठं. आणि सवयीने चौदाही थांब्यांवर थांबायचे. काकू मागच्या सीटवरून दारावर दोनदा टकटक करायच्या, की निघाले. पोरगी कपाळावर हात मारून घ्यायची.

पहिल्या दोन वेळा परीक्षा पुढे गेली तेव्हा ती उशीत तोंड खुपसून रडली. तिसऱ्यांदा रडलीच नाही. दोन दिवस कोणाशी बोलली नाही, पुस्तकाचं एकच पान उघडून बसली. काका त्या रडण्याला घाबरले नव्हते, पण या गप्प बसण्याने त्यांचा धीर सुटला.

म्हणून चौथ्या वेळी त्यांनी शक्कल लढवली. आदल्या दिवशी सहाच्या ठोक्याला घरातले तिन्ही फोन कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात. परीक्षा रद्द झालीच तर शाळेचं फाटक बंद दिसेल, परत येऊ, पण पोरीला रात्रभर झोप तर लागेल, असं त्यांचं म्हणणं. काकूंना पटलं. मुलीलाही पटलं. कित्येक महिन्यांनी तिघंही गाढ झोपले, आणि सकाळी काका स्वतःवरच खूश होते.

परीक्षा दोनला, फाटक दीडला बंद. सव्वाबाराला गाडी निघाली. पहिल्या थांब्यावर काकांनी ब्रेक लावला तशी मुलगी म्हणाली, "बाबा, आज तरी नका ना थांबू. बसच बंद आहेत, थांब्यावर कोण असणार?" काका ओशाळून हसले. दुसऱ्या थांब्यावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून टकटक आली. मुलीने डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात हाडांची नावं म्हणायला लागली.

पावणेएकला नववा थांबा आला, आणि तिथे चक्क एक मुलगी उभी होती. पोपटी मास्क, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत परीक्षेचं ओळखपत्र. ठरवलेली रिक्षा आलीच नव्हती, आणि कुठल्याही क्षणी रडेल असा तिचा चेहरा झाला होता. काकांनी काच खाली केली. ती म्हणाली, नदीपलीकडच्या विणकाम संस्थेत सोडाल का, परीक्षा आहे. काका म्हणाले, अगं, आम्हीही परीक्षेलाच निघालोय, पण पुढच्या शाळेत.

"शाळेत?" ती म्हणाली. "शाळेत रुग्ण ठेवलेत. केंद्र बदललंय. काल रात्री सगळ्यांना मेसेज आलाय."

काकांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. पोपटी मास्कवालीने गाडीत बसून आपल्या फोनवर मुलीच्या ओळखपत्रावरचा नंबर आणि जन्मतारीख घातली. तेच केंद्र आलं. विणकाम संस्था. ओळखपत्र जुनंच चालणार होतं, पण वेळ? मोठ्या पुलावर तपासणीची रांग. सरळ रस्त्याने गेलं तर तास कुठे गेला नाही.

काकांनी गाडी वळवली. सतरा नंबर मिळण्याआधी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, ते नदीपलीकडच्या गिरणीत कामगार सोडायला जायचे. गोदामांच्या मागून एक अरुंद रस्ता जुन्या पुलाला लागतो, हे आता त्यांच्याशिवाय फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. त्या रस्त्यावरही थांबे होते. पहिला थांबा आला. काका थांबले नाहीत. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थाने छत्री उंचावून हात केला. काकांनी वेग कमी न करता काच खाली केली, "माफ करा हो, दादा," म्हणाले आणि निघून गेले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माणूस उभा असलेला थांबा सोडला. आरशात काकूंनी त्यांचे डोळे पाहिले आणि नजर बाहेर वळवली.

एक वाजून सव्वीस मिनिटांनी गाडी संस्थेच्या दारात लागली. दोघी पोरी धावत सुटल्या. मुलीने मागे वळूनही पाहिलं नाही.

गाडी कडेला लावून काकांनी खिशातली किल्ली काढली. काका म्हणाले, "मी पोरीचं वाटोळं केलं होतं. स्वतःच्या हाताने कुलूप लावून."

काकूंनी बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढे धरलं. "कुलूप तिघांनी मिळून लावलंय," त्या म्हणाल्या. "एकट्याने सगळं श्रेय लाटू नका."

काका हसले, आणि मग एकदम भूक लागली. मुलीसाठी आणलेला डबा दोघांनी बोलता बोलता फस्त केला. ती पाच-साडेपाचला बाहेर आली ती आधी डबा शोधायला लागली. पेपर कसा गेला हे सांगायच्या आधी तिने आपल्याला उपाशी मारल्याबद्दल आईबापांना धारेवर धरलं. यावरून पेपर बरा गेला असावा, असं काकूंनी ताडलं.

पेपर बरा नाही, चांगलाच गेला होता. दुसऱ्या यादीत तिला गावातल्याच मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. पोपटी मास्कवालीलाही मिळाली, पण दूर, दुसऱ्या शहरात. काकांनी ही हकीकत गल्लीत प्रत्येक दाराशी थांबून सांगितली, कुठलंही दार न वगळता. बढती मात्र दिली नाही. अजून बरीच वर्षं आहेत, म्हणाले.

कॉलेज उघडलं तोवर बसगाड्याही सुरू झाल्या होत्या. पहिल्या दिवशी ती घरापाशी सतरा नंबरमध्ये चढली, रीतसर तिकीट काढलं आणि काकांच्या मागच्या सीटवर बसली. "कंपाउंडर, पुढे सरका," काका म्हणाले. बस गच्च भरत गेली. आठ थांबे झाले. नववा आला. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी बस थांबवली.

एक गृहस्थ घड्याळ बघत करवादले, की अहो, कोणी नाहीये इथे, कशाला वेळ घालवताय.

काका काही म्हणणार, तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला. "थांबू द्या त्यांना. याच थांब्यावर थांबले म्हणून मी आज कॉलेजला चाललेय."

काकांनी आरशात पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली. दहा आकडे झाले, पण आरशातलं काही नीट दिसेना. म्हणून त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.