बाराही वेढे सुलटे

शाळेत मी जितके दिवस गेलो, त्याहून जास्त दिवस शाळेमागच्या आंब्यावर होतो. तरी एका शास्त्रज्ञाचं काम मी एकट्याने बिघडवून दाखवलं.

तो शास्त्रज्ञ म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. साठ सालानंतर मुंबईत संशोधनाला लागला. काचेच्या पोकळ कड्यात वायू इतका तापवायचा की तो धड वायूही राहत नसे. त्याला तो प्लाझ्मा म्हणायचा. आत हात घालायची सोय नाही. म्हणून कड्याभोवती बाहेरून तांब्याच्या तारेच्या बारा बारक्या कॉइली बसवायच्या, आणि त्यांच्या आकड्यांवरून आत प्लाझ्मा कुठे नि कसा तरंगतोय ते ओळखायचं. मला पटलं. आम्ही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे तरी काय, पाण्यात डोकं न घालता वरच्या रंगावरूनच मासळी ओळखतो. जाळी विणून बोटं सरावलेली, म्हणून कॉइली मीच गुंडाळून दिल्या.

मे महिन्यात तो आकड्यांची वही घेऊन मालवणला आला. आठ दिवसांत आतला आकार काढायचा आणि परत जाऊन साहेबाला दाखवायचा, नाहीतर प्रयोग दुसऱ्याकडे जाणार. पडवीत बसून तो मनाने एक आकार धरी, त्याचे आकडे काढी, वहीशी ताडून बघी, खोडी, पुन्हा नवा आकार धरी. माडाच्या सावल्या कागदावर हलत. लांबून समुद्राची गाज येई. मला वाटे, आपणही त्या कड्यात अंग सोडून तरंगतोय. बहीण म्हणे, मी तरंगताना घोरतो.

सहाव्या दिवशी त्याने पेन्सिल टाकली.

"मामानू, प्लाझ्मा काचेच्या भायर येता!"

"येवंदे. वारो खातलो."

"काच जळली आसती! अर्धे आकडे उलटे वाटतत. सहा कॉइली उलट्यो गुंडाळूक सांगलेलंय, त्यो तशोच केलात मा?"

माझी झोप उडाली. कॉइली कशा गुंडाळायच्या त्याचं चित्र त्याने दिलं होतं, त्यातले बाण मला बरोबर कळले होते. पण उलटे फेरे आपण मढ्याभोवती घालतो. पोराच्या नव्या कामाला अभद्र नको, म्हणून बाराही कॉइली देवाला प्रदक्षिणा घालावी तशा सुलट्या गुंडाळल्या होत्या. आणि वर त्याला सांगितलं नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. मग त्याचे लाल डोळे बघितले आणि सगळं ओकलो.

बहीण आतून ओरडली, "तुज्या डोक्याचो नारळ फोडलो तर पाणीय गावाचा नाय!"

भाचा हसला नाही, रागावलाही नाही. सहा कॉइलींच्या आकड्यांपुढच्या अधिक-उण्याच्या खुणा बदलून तो पुन्हा बसला. दोन दिवस जेवणाचंही भान नव्हतं त्याला. मग आठव्या दिवशी दुपारी त्याने मला हलवून उठवलं. कागदावर काचेच्या आत, जरासं एका अंगाला सरकून, अंड्यासारखं काहीतरी शांत तरंगत होतं. कुणी कधी न बघितलेलं. मी कितीतरी वेळ त्याला बोट न लावता बघत राहिलो.

प्रयोग त्याच्याकडेच राहिला. महिन्याभरात त्याने नव्या कॉइलींसाठी तांब्याची तार पाठवली, सोबत निरोप: सहा उलट्यो, मामानू!

गुंडाळल्या. प्रत्येक उलट्या कॉइलीनंतर विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली.

सहाव्यांदा ओला होऊन येताना बहिणीने विचारलं, "कोण मेलो रे?"

"कोण नाय गो," म्हटलं, "माजी अक्कल."